फोडल्याशिवाय टाकायचं नाही

फिटरकाका माणूस मारायचे तेव्हा पहिली गोळी गुडघ्यावर घालायचे. दुसरी हातावर. तिसरी कुठे घालायची हे तो माणूस किती तडफडतो त्यावर ठरायचं. हे सगळं मांडवीला माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर चालायचं आणि शेजारी त्यांच्या बायकोने, सुलूकाकूंनी, आणून ठेवलेला चहा निवत असायचा. "डोक्यात एक गोळी घातली की काम होतं ना काका," असं मी एकदा म्हटलं, तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "डोका हलता गो. गुडघा वायच कमी हलता. आणि गुडघा गेला काय माणूस हातातला सगळा सोडतो."

फिटरकाका म्हणजे दत्ताराम शिवलकर. तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर होते आणि निवृत्त होऊन माझ्या शेजारच्या घरात येऊन बसले तरी फिटरच राहिले. बुटके, रुंद, अर्धी चड्डी आणि बनियन. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, कातडी सुरकुतून घट्ट झालेली. हे कसं झालं म्हणून ओळख नवी होती तेव्हा मी सुलूकाकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "त्याचा विचारू नको गो," आणि विषय संपला.

इंजिनांच्या आवाजाने काकांचा डावा कान गेला होता. त्यामुळे साधं 'मीठ दे' हेसुद्धा ते समुद्रावर ऐकू जाईल असं सांगत. ओरडून भागणार नाही असं वाटलं की हाताने खुणा करत, कारण इंजिनरूममध्ये माणसं खुणांनीच बोलतात. वर केलेली मूठ म्हणजे थांब. खाली दाबलेला तळहात म्हणजे हळू. खेळतानाही पडद्यासमोर ते मूठ वर करायचे. आमचा तिसरा भिडू दाभोळला त्याच्या घरी बसलेला असायचा, त्याला ही मूठ दिसणार कशी? तो तसाच पुढे धावत जायचा, मरायचा, आणि काका म्हणायचे, "हात दाखवला तरी थांबत नाय."

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते आणि एकटी राहते, त्यामुळे घरी मी काय खेळते हे विचारणारं कोणी नाही. काका या खेळात आले ते माझ्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता म्हणून. एका कानाने अधू असलेल्या माणसाला भिंतीपलीकडून तो आवाज कसा ऐकू गेला, देव जाणे. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले आणि म्हणाले, "बेअरिंग गेला. किती दिवस ऐकत बसायचा मी?" पंखा बदलला. मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. पडद्यावर एक ओसाड बंदर होतं आणि त्यातला वाफेवर चालणारा जुना कारखाना. काकांनी चष्मा वर केला, पाइपांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्या लायनीला रिटर्न कुठाय?" मी म्हटलं, खेळ आहे काका, खोटं आहे. म्हणाले, "खोटा असला म्हणून काय झाला, फुटेल ना." दुसऱ्या दिवशी चार वाजता परत आले. तिसऱ्या दिवशी खुर्चीच सोडेनात. शेवटी मी त्यांच्यासाठी दुसरा कॉम्प्युटर जोडला.

खेळ समजायला सोपा आहे, खेळायला क्रूर. आपली हत्यारं घेऊन त्या बंदरात शिरायचं. पेट्या, कपाटं, यंत्रं उपसून सुटे भाग गोळा करायचे: तारा, स्प्रिंगा, दट्टे. अर्ध्या तासाच्या आत ठरलेल्या वाटेने बाहेर पडायचं. बाहेर पडलात तर सगळं तुमचं, आणि त्यातून आपल्या तळावर नवी यंत्रं बांधायची. पण त्याच बंदरात दुसरी माणसंही शिरलेली असतात, कुठल्याही गावची, कुठल्याही देशाची. त्यांनी मारलं तर तुमच्या अंगावरचं सगळं त्यांचं. मारणाऱ्याने काही न उचलता तुम्हाला तसंच टाकलं, तर मात्र दुसऱ्या दिवशी सामान परत मिळतं. असं सहसा होत नाही. मेलेल्याच्या खिशात हात घालायला कोणाला लाज वाटत नाही, मलाही वाटायची नाही.

काका मात्र सुट्या भागांवर जीव टाकणारे. पेटी उघडली की गोळ्यांकडे बघायचे नाहीत. प्रत्येक भाग फिरवून बघायचे, आणि गंजलेला, वाकलेला दिसला की तिथेच टाकून वर तीन गोळ्या घालायचे. तीन गोळ्या म्हणजे अख्ख्या बंदराला आपला पत्ता. त्यापायी आम्ही किती वेळा मेलो असू! मी चिडायची. ते म्हणायचे, "बाद माल फोडल्याशिवाय टाकायचा नाय. कोणतरी उचलतो."

हा त्यांचा नियम खेळातला नव्हता, जगण्यातला होता. माझ्या कॉम्प्युटरचा जुना पंखा त्यांनी आधी हातोडीने चेचला, मग कचऱ्यात टाकला. गॅसची जुनी नळी बोटभर तुकडे करून टाकायचे. सुलूकाकूंच्या कुकरची शिट्टी अडकायला लागली तेव्हा शिट्टी चेचली, झाकणाला भोक पाडलं आणि वर भांड्यालाही पोचे आणले. काकू म्हणाल्या, "भांड्यानं काय केलान होता तुमचा?" त्यांच्या घरातून बाहेर पडलेली एकही वस्तू धड नसायची. भंगारवाला त्यांच्या दारावर थांबत नसे.

थांबत नसे त्याला दुसरंही कारण होतं. एकदा बाजारात एका माणसाने कचऱ्यातून उचललेले गॅसचे रेग्युलेटर पुसून विकायला मांडले होते. काकांनी एक उचलला, फुंकून बघितला आणि विचारलं, "हा बाद झालेला हाय, माहीत हाय तुला?" तो म्हणाला, "चालतंय की." त्या 'चालतंय की'ने घात केला. काकांनी पिशवीतली हातोडी काढली आणि मांडलेले सगळे रेग्युलेटर रस्त्यावर एकेक करून फोडले. माणूस अंगावर आला तेव्हा त्याच्या तोंडावर कोपर मारलं. दोन दात पडले. मी भाजी घेत होते, मीच त्यांना ओढून आणलं. रिक्षात बसल्यावर मी मागे कोणी येतंय का बघत होते आणि हे आपले मोजत होते, "सात फोडले ना गो? का एक राहिला?" त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली, हे लपवत नाही. ते राहिलेल्या एकासाठी परत जायला निघाले होते.

तिसऱ्या भिडूचं नाव सचिन. वय एकतीस, दाभोळच्या एका बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर. तो सुचवला काकांनीच. "दाभोळला एक हाय, माझ्या दोस्ताचा मुलगा. त्याला घ्यायचा," एवढंच म्हणाले. सचिनचे वडील रमाकांत काकांच्याच जहाजावर होते, इंजिनरूममध्येच, आणि अपघातात तिथेच गेले. सचिन तेव्हा अकरा वर्षांचा होता. वडिलांची बॅग घरी घेऊन आले होते ते काका. त्यानंतर ते दर वर्षी आंबे घेऊन दाभोळला जात. हे सगळं मला सचिनने सांगितलं. काका कधी बोलले नाहीत.

सचिनची पाळी दुपारी दोनला सुटायची, मग चार ते सहा आम्ही तिघं बंदरात. सचिन हसरा, उतावळा, कायम पुढे. काका त्याच्या मागे सावलीसारखे. सचिनवर कोणी गोळी झाडली की काका ओळखू यायचे नाहीत. एकदा तिघांनी त्याला कारखान्याच्या भिंतीशी कोंडलं. काका डोळे मिटून पाइपांचा आवाज ऐकत बसले होते. मग त्या तिघांना सोडून त्यांनी वरच्या एका पाइपावर नेम धरला आणि गोळी घातली. पाइप फाटला, पांढऱ्या वाफेचा लोट खाली आला आणि त्यात ती तिन्ही माणसं किंचाळत गोल गोल फिरायला लागली. भिंतीला, एकमेकांना धडकत होती. सचिन तिकडून ओरडला, "काका, कसला मारलात, एक नंबर." मीही टाळी वाजवली.

काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "वाफेत माणूस असा फिरत नाय," म्हणाले. "जागेवर बसतो." मग उठून घरी गेले आणि दोन दिवस आले नाहीत.

आता त्या व्हॉल्व्हचं सांगते. खेळाचा हंगाम असतो, काही महिन्यांचा. हंगाम संपला की सगळ्यांचं सगळं पुसलं जातं आणि शून्यातून सुरुवात होते. त्याआधी तळावरचं शेवटचं यंत्र बांधायचं हा सचिनचा ध्यास. त्याला सगळे भाग मिळाले होते, फक्त एक राहिला होता, प्रेशर व्हॉल्व्ह. तो वाफेच्या कारखान्यातच मिळतो म्हणत, तोही कोणाला कधी दिसत नाही. त्याच्यासाठी आम्ही चार महिने त्या कारखान्यात मरत होतो. सचिनला चेष्टेने म्हटलं, यंत्र बांधून तुला काय मिळणार? तो म्हणाला, "मॅडम, कारखान्यात मी मालकाचं चालवतो. ह्यो एक माझा स्वतःचा असंल." मला त्याचं वाईट वाटलं आणि मी नेट लावून खेळायला लागले.

हंगामाचा शेवटचा रविवार होता. बांगड्याचं तिखलं जेवून दुपारी बसलो. त्या दिवशी काका असे खेळले की मी तसं कधी पाहिलं नव्हतं. दारात एकाचा गुडघा फोडला आणि त्याच्या ओरडण्याने जो मदतीला आला त्याचाही फोडला. जिन्यावर गोळ्या संपल्या तेव्हा हातातल्या पान्याने एकाचं डोकं ठेचलं, मेल्यावरही चार वेळा ठेचलं. माझ्या पायात गोळी होती, सचिन रक्त सांडत खाली धक्क्याशी पडला होता. काका बॉयलरच्या मागच्या पेटीपाशी पोचले आणि त्यांनी ती उघडली. आत व्हॉल्व्ह होता.

सचिनच्या पडद्यावर तशी सूचना गेली असणार. तो रडायच्या बेताला आला होता. "काका, आणा. धक्क्यावर आणा, बोट लागलीय."

काकांनी व्हॉल्व्ह फिरवून बघितला. त्याच्या अंगावर एक काळी रेघ होती आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. मला विचारलं, "काय लिवलाय?" मी वाचून सांगितलं: तडा गेलेला, वेल्डिंग करून पुन्हा वापरता येईल.

काका धक्क्यापर्यंत आले. सचिनच्या अंगावरून ओलांडून कडेला गेले आणि तो व्हॉल्व्ह समुद्रात फेकला. पाण्यात गेलेली वस्तू या खेळात परत मिळत नाही.

सचिनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही. त्यातच मागून कोणीतरी आलं आणि आम्हा तिघांना धक्क्यावर लोळवलं. पडदा काळा झाला, पण सचिनचा आवाज येत होता. "चार महिने, काका. चार महिने. तडा हाय म्हणे. आमच्या कारखान्यात तडा गेलेलाच व्हॉल्व्ह वेल्डिंग मारून बसवलाय, अमोनियाच्या लायनीवर. दोन महिने चालतोय. मी त्याच्याखाली रोज उभा ऱ्हातो. काय झाला? काय नाय झाला."

काकांचा हात हवेत वर गेला, मूठ वळलेली. "कसला हाय? बिडाचा?"

"बिडाचाच."

"बिडाला वेल्डिंग धरत नाय रे. आयक माझा. उद्या जाऊ नको. सचिन, आयकलंस काय?"

पण तो निघून गेला होता. काकांनी सहा वेळा फोन लावला. त्याने घेतला नाही. मग माझ्याकडे वळले. "मास्तरीणबाय, उद्या रजा टाक. पहिल्या फेरीबोटीनं जायचा."

पहाटे मी गाडी काढली. काका मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन बसले होते. आरे-वारेचा समुद्र गेला, गणपतीपुळं गेलं. जयगडच्या फेरीबोटीवर ते इंजिनाशी जाऊन उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "ह्याचा बरा हाय." गुहागर ओलांडून धोपाव्याला दुसरी फेरीबोट, आणि दाभोळ. धक्क्यावर उतरलो तेव्हाच नाकाला अमोनियाचा वास लागला. मला वाटलं बर्फाच्या कारखान्याला असा वास येतच असेल. काका धावायला लागले.

सचिन आत होता, कॉम्प्रेसरपाशी. आम्हाला बघून त्याने तोंड फिरवलं. वर पाइपावर तो व्हॉल्व्ह होता, मधोमध वेल्डिंगचा फुगीर पट्टा. काकांनी पाइपाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ उजव्या कानाला लावून ऐकलं आणि म्हणाले, "बंद कर."

सुपरवायझर म्हणून एक धिप्पाड माणूस होता, तो मध्ये आला. सकाळच्या होड्या बर्फासाठी लागल्यात, बंद-बिंद काही होणार नाही, म्हातारबा तुम्ही कोण, असं म्हणत त्याने काकांची बनियन धरली. काकांनी पिशवीतून पाना काढला. मला पुढचं माहीत होतं. मी "काका, नको" म्हणेपर्यंत पाना त्या माणसाच्या गुडघ्यावर बसला होता. हाड मोडल्याचा आवाज मी त्याआधी फक्त हेडफोनमध्ये ऐकला होता. खरा आवाज लहान असतो. तो माणूस खाली बसला आणि त्याच्या हातातली बनियन सुटली.

कोणी हललं नाही. काका सचिनला म्हणाले, "रिसिव्हरचा मेन बंद कर. कॉम्प्रेसर चालू ठेव. गॅस सगळा मागं टाकीत येऊ दे, मग लायन खोल." तसाच आवाज, तसंच ओरडणं. आणि सचिनने, इतका रागावलेला असून, ऐकलं. पाऊण तासाने व्हॉल्व्ह खाली उतरला.

काकांनी त्यावर डिझेल चोळलं, फडक्याने कोरडा पुसला आणि माझ्याकडे हात केला. "खडू दे." माझ्या पर्समध्ये खडू असतो हे त्यांना ठाऊक होतं. खडूची भुकटी करून त्यांनी वेल्डिंगवर फासली. आम्ही तिघं बघत राहिलो. पांढऱ्यावर हळूहळू एक ओली रेघ उमटली, वेल्डिंगच्या कडेने निघाली आणि जवळजवळ पूर्ण फिरून आली. आत शिरलेलं डिझेल तड्यातून बाहेर येत होतं. सचिन त्या रेघेकडे बघत होता आणि त्याचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला होता.

मग काकांनी तो व्हॉल्व्ह बाहेर धक्क्याच्या दगडावर ठेवला आणि घण मारला. तिसऱ्या घावाला फुटला. फुटल्यावरही ते मारत राहिले, चार तुकडे होईपर्यंत. घण खाली ठेवला, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि सचिनसमोर उभे राहिले.

"तुझा बापूस ज्या व्हॉल्व्हनं गेला तो मी काढलेला होता. तडा बघून मीच काढला, नवा बसवला. आणि जुना फोडला नाय. रॅकवर ठेवला. माल भारी होता, म्हटला पुढंमागं कामाला येईल. म्हैन्यानं नवा गळायला लागला. मी तापानं पडलेला. सेकंड इंजिनियरनं रॅकवरचा काढलान, वेल्डिंग मारून घेतलान, बसवलान. रमाकांत खाली उभा होता."

सचिनने फुटलेला एक तुकडा पायाने उलटा केला. मग म्हणाला, "आईला सांगितलंत जागच्या जागी गेले."

"ता खोटा होता. चाळीस मिनिटं. शुद्धीवर होता. मी ओढून काढला तेव्हा त्याची कातडी माझ्या हातात आली. पाणी मागत होता, तुझा नाव घेत होता."

सचिनने पहिली चपराक मारली ती मला दिसलीच नाही. दुसरी मूठ होती, तोंडावर. काकांचा ओठ फाटला, चष्मा खाडीत गेला. तिसऱ्या ठोशाला ते गुडघ्यावर आले, पण पाठीमागचे हात त्यांनी सोडले नाहीत. मी मध्ये पडले तर मलाच म्हणाले, "बाजूला हो गो." सचिन आणखी दोनदा मारून थांबला आणि बाहेर काढून ठेवलेल्या बर्फाच्या लादीवर जाऊन बसला. डोकं हातात घेतलं. वर न बघता म्हणाला, "निघा."

परतीच्या फेरीबोटीवर मी त्यांच्या तोंडाला रुमालात बर्फ धरला होता. ते दुसऱ्या किनाऱ्याकडे बघत होते. "नीट फुटला ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चार तुकडे झाले. "तुकडे?" मी म्हटलं, खाडीत टाकले. तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

पोलीस आले, काका एक दिवस चौकीत बसले. मग मालकाने तक्रार मागे घेतली, कारण व्हॉल्व्हचा विषय कागदावर यायला त्याला नको होता. सुपरवायझर अजून लंगडतो म्हणतात. त्याचं मला वाईट वाटतं. नोकरीचा माणूस होता, त्याने व्हॉल्व्ह बसवलेला नव्हता. हे मी काकांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "होय, त्याचा पाप माझ्या माथी हाय."

नवा हंगाम सुरू झाला. काका रोज चारला येत होते. यादीत सचिनच्या नावापुढे राखाडी ठिपका असायचा, म्हणजे माणूस आलेला नाही. काका आधी तो ठिपका बघायचे, मग नवा चष्मा पुसायचे. नेम चुकायला लागला होता. दोन महिने असे गेले.

एकदा मी पेपर तपासत होते आणि काका एकटेच बंदरात शिरले होते. अचानक त्यांच्या पडद्यावर लाल झालं. कोणीतरी पाइपांच्या आडून गोळी घातली होती, गुडघ्यावर. काका पडले. दुसरी गोळी हातावर आली, हत्यार सुटलं. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते हसत होते. "शिकलाय," म्हणाले. मारणारा जवळ आला आणि त्यांच्यावर वाकून उभा राहिला. काकांनी माउसवरचा हात काढून घेतला. किती वेळ तो उभा होता कोण जाणे, मला फार वाटला. मग त्याने बंदुकीतल्या सगळ्या गोळ्या काकांच्या अंगात घातल्या. पडदा काळा झाला आणि मारणाऱ्याचं नाव आलं. सचिन.

काकांनी गार झालेला चहा एका घोटात प्यायला. "बरा झाला," म्हणाले. "त्या दिवशी पुरता मारला नव्हतान."

दुसऱ्या दिवशी चारला ते आले तेव्हा पडद्यावर एक सूचना होती. आदल्या दिवशीचं सगळं सामान परत आलं होतं. हत्यार, तारा, स्प्रिंगा, शेवटच्या गोळीपर्यंत. सचिनने त्यांच्या खिशाला हात लावला नव्हता. काकांनी ती यादी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग यादीतला ठिपका हिरवा झाला.

त्यानंतर आठवड्याने काका झोपेतच गेले. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिले आहेत ते ठिपका हिरवा झाला त्या दिवसाचे. नमस्कार नाही, माफी नाही. आम्ही तिघं बंदरात उतरलो आणि वाफेच्या कारखान्याकडे चालू लागलो, सचिन नेहमीसारखा पुढे. कोपऱ्याशी काकांना काहीतरी ऐकू आलं. त्यांनी टेबलावरचा हात उचलून मूठ वर केली, सवयीने, माझ्या खोलीत, पडद्यासमोर. तिकडे दाभोळला बसलेला सचिन जागच्या जागी थांबला.

मी त्या मुठीकडे बघत राहिले. भाजलेली, घट्ट वळलेली, ती बराच वेळ तशीच वर होती. मग ती खाली आली आणि काकांनी कोपऱ्यावरून येणाऱ्या पहिल्या माणसाचा गुडघा फोडला.